इस्ट्रोजेन मेंदूला पक्षाघातापासून वाचवतं का? रिसेप्टर काय सांगतात

निशिगंध

पाळी चालू असेपर्यंत, म्हणजे मध्यम वयात, स्त्रियांना पक्षाघात होण्याचं प्रमाण त्याच वयाच्या पुरुषांपेक्षा कमी असतं. पाळी गेली की हा फरक हळूहळू पुसला जातो. शिवाय स्त्रिया जास्त जगतात, त्यामुळे आयुष्यभराचा हिशेब मांडला तर पक्षाघाताचा धोका त्यांनाच जास्त निघतो. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या दीर्घकालीन अभ्यासात ज्यांची पाळी ४२ वर्षांच्या आत आपोआप थांबली, त्यांना गुठळीमुळे होणाऱ्या पक्षाघाताचा धोका बाकीच्या स्त्रियांच्या दुप्पट आढळला. इतकं वाचल्यावर कुणालाही वाटेल की यामागे अंडाशयात बनणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन असणार, आणि पाळी गेल्यावर ते बाहेरून दिलं की काम झालं.

तसं करून पाहिलं गेलं आणि उलटंच घडलं. अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या मोठ्या चाचणीत ५० ते ७९ वयाच्या १६,६०८ स्त्रियांपैकी निम्म्यांना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं हार्मोन) एकत्र दिलं होतं. २००२ मध्ये ती वेळेआधी थांबवावी लागली. पहिल्याच अहवालात गोळी घेणाऱ्यांत पक्षाघात ४१ टक्के जास्त होता. ज्यांचं गर्भाशय काढलं होतं अशा १०,७३९ जणींची, नुसत्या इस्ट्रोजेनची चाचणी २००४ मध्ये थांबली. तिथेही ३९ टक्के वाढ. (घाबरवणारे आकडे आहेत, म्हणून दुसऱ्या पद्धतीनेही सांगते: दहा हजार स्त्रियांनी वर्षभर गोळी घेतली तर पहिल्या चाचणीत सुमारे ८ आणि दुसरीत सुमारे १२ झटके जास्त.)

आता प्रयोगशाळेत जाऊ. उंदराच्या मानेतून नायलॉनचा बारीक धागा सरकवून मेंदूची मधली धमनी बंद करतात आणि नंतर मेंदूचा किती भाग मेला ते मोजतात. या प्रयोगात मादीचं नुकसान नरापेक्षा कमी होतं. तिचे अंडाशय काढले की नुकसान वाढतं आणि इस्ट्रॅडिओल (शरीरातलं मुख्य इस्ट्रोजेन) दिलं की पुन्हा कमी होतं. जेम्स सिम्प्किन्स यांच्या गटाने १९९७ मध्ये, फिलिस वाइज आणि डेना दुबल यांनी १९९८ मध्ये, आणि पॅट्रिशिया हर्न यांच्या गटाने त्याच सुमारास हेच दाखवलं. वेगवेगळ्या प्रयोगशाळांत एकच निकाल आला, म्हणजे हा योगायोग म्हणता येणार नाही.

मग माणसांत काय बिघडलं? माझं मत असं झालंय की उत्तराचा मोठा भाग हार्मोनकडे नसून ते हार्मोन ज्यांच्यावर जाऊन बसतं त्या रिसेप्टरांकडे आहे. या विषयात काम करणारं कुणी इथे असेल तर कृपया सविस्तर लिहा.

पारिजातक

धागा वाचनखुणेत साठवला आहे. माझ्या आईला पाळी गेल्यानंतर काही वर्षांनी झटका आला होता, त्यामुळे विषय जवळचा आहे. रिसेप्टर म्हणजे पेशीवरची हार्मोन पकडणारी जागा इतकंच माहीत आहे. इस्ट्रोजेनचे असे किती असतात आणि मेंदूत ते करतात काय?

सूक्ष्मदर्शी

पारिजातक, रेणूजीवशास्त्रात काम करतो, मला समजलंय तसं लिहितो. लांबलं तर सांभाळून घ्या.

इस्ट्रोजेनसाठी शरीरात खास रिसेप्टर आहे हे शिकागोत एल्वूड जेन्सन यांनी १९५८ च्या सुमारास दाखवलं. पुढची जवळजवळ चार दशकं सगळे एकच रिसेप्टर आहे असं धरून चालले होते. १९९६ मध्ये स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये यान-ओके गुस्टाफसन यांच्या गटाला दुसरा सापडला, तोही उंदराच्या प्रोस्टेट ग्रंथीत. मग पहिल्याला अल्फा आणि दुसऱ्याला बीटा म्हणू लागले. २००५ मध्ये जीपीआर-३० नावाचा पेशीपटलांशी जोडलेला तिसरा रिसेप्टरही इस्ट्रोजेनला प्रतिसाद देतो हे पुढे आलं.

अल्फा आणि बीटा मुख्यतः पेशीच्या आत असतात. इस्ट्रॅडिओल बसलं की ते केंद्रकात जाऊन काही जनुकं चालू करतात, काही बंद. हे काम सावकाश चालतं, त्याला तास-दिवस लागतात. याखेरीज काही रिसेप्टर पेशीच्या पटलापाशी राहून मिनिटांत संदेश पाठवतात. तिथे एकेटी आणि ईआरके हे संदेशवाहक मार्ग जागे होतात, आणि पेशीला ‘मरू नकोस’ सांगणारी यंत्रणा बळकट होते.

आता निशिगंध यांच्या मुद्द्याचा गाभा. दुबल, वाइज आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दोन प्रकारचे जनुक-बदल केलेले उंदीर घेतले. काहींत अल्फा रिसेप्टर नव्हता, काहींत बीटा. सगळ्यांचे अंडाशय काढून त्यांना इस्ट्रॅडिओल दिलं, तेही शरीरात नैसर्गिकरीत्या असतं तेवढ्याच पातळीचं, आणि मग धमनी बंद केली. बीटा नसलेल्या उंदरांना संरक्षण मिळालं. अल्फा नसलेल्यांना मिळालं नाही. हार्मोन दोघांच्या रक्तात सारखंच होतं.

मला याहून विलक्षण वाटते ती पुढची गोष्ट. प्रौढ मेंदूच्या बाह्यकात, म्हणजे बाहेरच्या थरात, अल्फा रिसेप्टर फारच थोडा असतो. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत, मेंदू घडत असताना तो भरपूर असतो आणि नंतर ओसरतो. पण धमनी बंद झाल्यावर त्याच बाह्यकात तो पुन्हा दिसू लागतो! जखमी मेंदू बालपणातली एक यंत्रणा परत बाहेर काढतो, असं म्हणायला हरकत नाही. इस्ट्रॅडिओल असेल तर बीसीएल-२ हे पेशी वाचवणारं प्रथिनही टिकून राहतं. वाचतो तो प्रामुख्याने बाह्यकाचा कडेचा भाग, जिथे रक्त अगदी बंद झालेलं नसतं, थोडं झिरपत असतं. मधला गाभा काही मिनिटांत मरतो. तिथे कोणताही रिसेप्टर काही करू शकत नाही.

तर्कसंगत

उत्तम माहिती. पण एक शंका. अल्फा रिसेप्टर नसलेल्या माद्यांचं नुकसान जास्त होत नाही असाही निकाल मी वाचला आहे. मग हे इतक्या ठामपणे कसं म्हणता येतं?

सूक्ष्मदर्शी

बरोबर वाचलंत. हर्न यांच्याच गटाचा २००० सालचा निकाल आहे तो. पण त्या माद्यांचे अंडाशय शाबूत होते. अल्फा रिसेप्टर नसला की मेंदूकडून अंडाशयाला ‘आता पुरे’ असा उलटा निरोप जात नाही आणि रक्तातलं इस्ट्रॅडिओल नेहमीपेक्षा पुष्कळ वाढतं. हार्मोन फार जास्त असेल तर ते रिसेप्टरशिवायही थोडंफार संरक्षण देतं, कारण इस्ट्रॅडिओलच्या रेणूत फिनॉलचं कडं आहे आणि ते ऑक्सिडीकरण रोखतं. रिसेप्टरवर जेमतेम बसणारं १७-अल्फा इस्ट्रॅडिओलसुद्धा मोठ्या मात्रेत उंदरांना वाचवतं, त्याचं कारण बहुधा हेच.

म्हणून मात्रा पाहिल्याशिवाय दोन प्रयोगांची तुलना करू नये असं मला ठामपणे वाटतं. नैसर्गिक पातळीवर अल्फा रिसेप्टर लागतो आणि हार्मोन आधीपासून शरीरात असावं लागतं. मोठ्या मात्रेत झटक्यानंतर काही तासांत दिलं तरी प्राण्यांत फायदा दिसतो, पण ते औषधासारखं काम झालं, शरीराच्या रोजच्या व्यवस्थेचं नव्हे.

आणखी एक बारकावा. २०१० मध्ये एका जर्मन गटाने अल्फा रिसेप्टर सगळ्या शरीरातून न काढता फक्त चेतापेशींतून काढला. संरक्षण गेलं. फक्त मायक्रोग्लिया म्हणजे मेंदूतल्या पहारेकरी पेशींतून काढला, तर संरक्षण टिकलं. यावरून निदान त्या प्रयोगापुरतं कळतं की हार्मोनचा हात थेट चेतापेशीवर आहे.

रानजाई

मग पुरुषांचं काय? त्यांच्या मेंदूत हे रिसेप्टर नसतात का?

सूक्ष्मदर्शी

असतात की. इस्ट्रोजेनही असतं. अरोमाटेज नावाचं विकर (एन्झाइम) टेस्टोस्टेरॉनपासून इस्ट्रॅडिओल बनवतं, आणि ते मेंदूत स्त्री-पुरुष दोघांत असतं. मेंदूला इजा झाली की ज्या अ‍ॅस्ट्रोसाइट पेशी एरवी हे विकर बनवत नाहीत, त्या ते बनवू लागतात. स्पेनमधल्या लुईस गार्सिया-सेगुरा यांच्या गटाने हे दाखवलं. म्हणजे इजेच्या जागीच मेंदू स्वतःपुरतं इस्ट्रोजेन तयार करतो. लुईझ मॅककलो आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अरोमाटेज नसलेल्या माद्यांची धमनी बंद केली, तर नुसते अंडाशय काढलेल्या माद्यांपेक्षाही त्यांचं नुकसान जास्त निघालं.

पण सगळा फरक हार्मोनचा नाही हेही खरं. पुरुष आणि स्त्री यांच्या चेतापेशी मरतात तेव्हा मरण्याचा मार्गच काहीसा वेगळा असतो: नरांत पार्प या विकराचा मार्ग जास्त चालतो, माद्यांत कॅस्पेज या विकरांचा. नरांच्या मेंदूचं नुकसान कमी करणारा पार्प-रोधक माद्यांत निरुपयोगी, किंबहुना अपायकारक ठरल्याचे प्रयोग आहेत. आणि तरीही वर्षानुवर्षं बहुतेक औषधं फक्त तरुण नर उंदरांवर तपासली गेली. मला याचा खरोखर राग येतो.

तर्कसंगत

सहमत, पण माझा आक्षेप त्याहून मुळातला आहे. पक्षाघातात मेंदू वाचवणारी औषधं म्हणून हजारावर रसायनं तपासली गेली आहेत. २००६ च्या एका आढाव्यात त्यांची संख्या १,०२६ होती. त्यांतली शेकडो प्राण्यांत चालली आणि माणसांत नेलेलं जवळपास एकही टिकलं नाही. तरुण, निरोगी, वजन-मधुमेह-रक्तदाबाची कसलीही तक्रार नसलेला उंदीर एकीकडे, आणि एकाहत्तर वर्षांची आजी दुसरीकडे. इस्ट्रोजेनच्या बाबतीत वेगळं काय घडलं असं समजायचं? २००१ ची वेस्ट चाचणीच पाहा. नुकताच झटका किंवा तात्पुरता झटका येऊन गेलेल्या ६६४ स्त्रिया, सरासरी वय ७१, रोज १ मिलिग्रॅम इस्ट्रॅडिओल. पुन्हा झटका येणं किंवा मृत्यू यांत काहीही फायदा नाही, आणि जीवघेणे झटके औषधाच्या गटात जास्त.

निशिगंध

तर्कसंगत, तुमचा आक्षेप मला पटतो, पण त्यातूनच मला रस्ता सापडतो. दोन ठिकाणी दोन वेगळे प्रश्न विचारले गेले होते.

प्रयोगशाळेत धमनी संशोधकच बंद करतात. प्रश्न इतकाच उरतो की त्यानंतर किती पेशी वाचल्या. माणसांच्या चाचणीत प्रश्न होता की धमनी बंद होते का, म्हणजे झटका येतो का. पहिल्याचं उत्तर चेतापेशीतले रिसेप्टर देतात. दुसऱ्याचं उत्तर रक्तातली गोठण्याची प्रवृत्ती आणि धमनीच्या भिंतीची अवस्था देतात. पोटातून घेतलेली इस्ट्रोजेनची गोळी आधी यकृतात जाते आणि यकृत रक्त गोठवणारी काही प्रथिनं जास्त बनवू लागतं. म्हणजे एकाच गोळीने मेंदूच्या पेशी चिवट होतील आणि त्याच वेळी गुठळी होण्याची शक्यताही वाढेल, यात विरोधाभास काहीच नाही. चाचणीत मोजली गेली ती फक्त ही दुसरी गोष्ट.

याचा एक पुरावा ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या नोंदींत आहे. २०१० मध्ये त्यांचा अभ्यास झाला. गोळी घेणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका वाढलेला होता. कमी मात्रेचा, म्हणजे ५० मायक्रोग्रॅमपर्यंतचा पॅच त्वचेवर लावणाऱ्यांत वाढलेला नव्हता. जास्त मात्रेच्या पॅचमध्ये मात्र वाढला होता. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, त्यामुळे पॅच निर्धोक आहे असं त्यावरून सिद्ध होत नाही, पण यकृताला वळसा घालून गेलं तर काय होतं याची दिशा त्यातून कळते.

जलधारा

हे सगळं वाचून डोकं सुन्न झालं. माझं वय ४९, पाळी जाऊन वर्ष होत आलं, रात्री अंगातून वाफा निघतात, झोप नाही. डॉक्टर हार्मोन घ्या म्हणतात आणि मी पक्षाघाताच्या भीतीने टाळते आहे. घ्यावं की नाही?

नाडीपरीक्षा

जलधाराताई, मी डॉक्टर आहे. तुमची तब्येत न तपासता इथून ‘घ्या’ किंवा ‘नका घेऊ’ म्हणणं चुकीचं होईल. पण विचार कसा करायचा ते सांगू शकते.

हार्मोन पक्षाघात टाळण्यासाठी घ्यायचं नसतं. या एका बाबतीत मतभेद उरलेला नाही. त्रास असह्य असेल तर त्रासासाठी घ्यायचं असतं. वय साठच्या आत आहे, पाळी जाऊन दहा वर्षं झालेली नाहीत, आणि रक्तदाब, गुठळ्या, स्तनाचा कर्करोग, आधीचा झटका अशी पार्श्वभूमी नाही, अशांसाठी फायदा तोट्यापेक्षा सहसा जास्त भरतो. विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्हमधल्या स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं हे विसरू नका. तो आकडा तुमच्या वयाला जसाच्या तसा लावता येत नाही. ज्यांना आधीच पक्षाघात होऊन गेला आहे त्यांना आम्ही सहसा नको म्हणतो. पॅच किंवा जेल याबद्दल तुमच्या डॉक्टरांना जरूर विचारा. रक्तदाब मोजून घ्या. पक्षाघाताच्या दृष्टीने तो हार्मोनपेक्षा कितीतरी मोठा मुद्दा आहे.

ज्यांची पाळी चाळिशीच्या आत गेली किंवा अंडाशय काढावे लागले, त्यांचं गणित वेगळं. त्यांना काही खास अडचण नसेल तर पाळी जाण्याच्या साधारण वयापर्यंत हार्मोन देतात.

आणि ज्या तरुण मुली वाचत असतील त्यांच्यासाठी: अर्धशिशी होण्याआधी डोळ्यांपुढे झिगझॅग रेषा किंवा चमचम दिसत असेल तर इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी घेण्याआधी ही गोष्ट डॉक्टरांना सांगायलाच हवी. अशा अर्धशिशीत त्या गोळीने पक्षाघाताचा धोका वाढतो.

जलधारा

मनापासून धन्यवाद. रक्तदाब तपासून मगच डॉक्टरांशी बोलते.

पारिजातक

निशिगंध, ‘पाळी जाऊन किती वर्षं झाली’ याला इतकं महत्त्व का? हार्मोन तेच, रिसेप्टर तेच. उशिरा दिलं तर काय बिघडतं?

निशिगंध

रिसेप्टर तेच राहत नाहीत, हेच तर सांगायचं आहे!

२००७ मध्ये वाइज यांच्या गटाने उंदरांचे अंडाशय काढले. काहींना लगेच इस्ट्रॅडिओल सुरू केलं, काहींना दहा आठवडे तसंच ठेवून मग. लगेच मिळालेल्यांना संरक्षण मिळालं. दहा आठवडे वाट पाहिलेल्यांना मिळालं नाही, आणि दाह कमी करण्याचा गुणही गेला होता. हार्मोनची पातळी दोन्हींत सारखीच.

याचं कारण अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या डॅरेल ब्रॅन यांच्या गटाने २०११ मध्ये शोधलं. दीर्घकाळ इस्ट्रोजेन मिळालं नाही की हिप्पोकॅम्पस या स्मृतीच्या केंद्रात चिप नावाचं प्रथिन अल्फा रिसेप्टरला चिकटू लागतं. ते त्याच्यावर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण करतं, आणि खूण झालेलं प्रथिन पेशी मोडीत काढते. रिसेप्टर बनत असतो, पण टिकत नाही. म्हातारपणामुळे नैसर्गिकरीत्या पाळीचं चक्र थांबलेल्या माद्यांतही असाच बदल दिसला. आणि ज्या गोष्टीने मी थबकले ती ही: त्याच प्राण्यांच्या गर्भाशयात हा बदल नव्हता. तिथे रिसेप्टर शाबूत होते, हार्मोनला पूर्वीइतकाच प्रतिसाद देत होते.

उशिरा दिलेल्या हार्मोनचं मग काय होतं पाहा. मेंदूत त्याला बसायला जागा राहिलेली नाही. गर्भाशयात, आणि यकृतातही, त्याचं काम चालूच. फायदा देणारं दार बंद आणि तोटा देणारं उघडं. माणसाच्या मेंदूत नेमकं हेच घडतं असं सिद्ध झालेलं नाही, पण सरासरी ६३ आणि ७१ वयाच्या चाचण्या का फसल्या असाव्यात याचं मला याहून पटणारं स्पष्टीकरण भेटलेलं नाही.

तर्कसंगत

हे पटण्यासारखं आहे. पण लवकर सुरू केल्याने माणसांत पक्षाघात कमी होतो असा थेट पुरावा आहे का?

निशिगंध

पक्षाघाताचा थेट पुरावा नाही. धमन्यांचा आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एलिट चाचणीत ६४३ स्त्रिया होत्या. पाळी जाऊन सहा वर्षं व्हायच्या आत इस्ट्रॅडिओल सुरू केलेल्यांत मानेतल्या धमनीची भिंत जाड होण्याचा वेग मंदावला. दहा वर्षं उलटून गेलेल्यांत काहीच फरक पडला नाही. झटके मोजण्याइतकी ती मोठी चाचणीच नव्हती.

रानजाई

मग फक्त मेंदूतल्या रिसेप्टरवर बसेल आणि बाकी शरीराला कळणारही नाही असं काही बनवता येणार नाही का?

सूक्ष्मदर्शी

रानजाई, नेमका प्रश्न. बऱ्याच वाटा चोखाळून झाल्या. काही अवयवांत इस्ट्रोजेनसारखी आणि काहींत उलट वागणारी औषधं, उदाहरणार्थ रॅलॉक्सिफिन, घेऊन पाहिली. २००६ च्या रुथ चाचणीत १०,१०१ स्त्रिया होत्या. एकूण पक्षाघात वाढले नाहीत, पण जीवघेणे वाढले. बीटा रिसेप्टरला चेतवणारी रसायनंही आहेत. अल्फा स्तनाच्या कर्करोगात इंधन घालतो, बीटा तसं करत नाही, म्हणून आशा. हृदय थांबून सगळ्या मेंदूचा रक्तपुरवठा तुटल्यावर जे नुकसान होतं, त्या प्रयोगांत बीटाने हिप्पोकॅम्पसमधल्या पेशी वाचवल्याही आहेत.

मला सगळ्यांत आशादायक वाटतं ते लास्लो प्रोकाई आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये मांडलेलं डीएचईडी. हे इस्ट्रॅडिओलचं असं पूर्वरूप, असा रेणू आहे जो स्वतः रिसेप्टरवर बसत नाही. मेंदूत असलेलं एक विकर त्याचं इस्ट्रॅडिओल करतं आणि बाकी शरीरात तो तसाच निष्क्रिय राहतो. उंदरांत मेंदूतली इस्ट्रॅडिओलची पातळी वाढली, गर्भाशयावर परिणाम झाला नाही. यकृत आणि गुठळीचा प्रश्न अशाने बाजूला पडू शकतो.

पण निशिगंध यांनी सांगितलेला अडसर त्यालाही आहे. दहा-पंधरा वर्षांत मेंदूतला अल्फा रिसेप्टर मोडीत गेला असेल, तर हार्मोन कितीही अचूक जागी पोचवा, त्याला धरणारं तिथे कुणी नसेल. म्हणून माझ्या मते पुढचं महत्त्वाचं काम चिपवर आहे. तो रिसेप्टरला चिकटतो ते थांबवता येईल का, आणि एकदा गेलेला रिसेप्टर परत आणता येईल का. धमनी बंद झाल्यावर बाह्यकात अल्फा पुन्हा दिसू लागतो, म्हणजे जनुक बंद झालेलं नाही. वयस्क माद्यांतही तो तसाच परततो का, हे मला सगळ्यांत आधी पाहायला आवडेल.

नाडीपरीक्षा

फार चांगली चर्चा. एक गोष्ट जोडते, कारण हा धागा पक्षाघात शोधत आलेलं कुणीही वाचू शकतं. चेहरा एका बाजूला ओघळला, हात उचलता येईना, बोलणं जड झालं, अचानक तोल गेला किंवा दिसेनासं झालं, तर ताबडतोब रुग्णालय गाठा आणि लक्षणं सुरू झाल्याची वेळ लक्षात ठेवा. मोठी धमनी बंद झाली की दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि निवडक रुग्णांत गुठळी २४ तासांपर्यंत काढता येते. स्त्रियांत कधीकधी नुसता गोंधळ, थकवा किंवा डोकेदुखी अशी लक्षणंही सोबत येतात आणि घरचे ‘दमली असेल’ म्हणून झोपवतात. झोपवू नका.

पारिजातक

आईच्या वेळी नेमकं हेच झालं होतं. दुपारभर ती गोंधळल्यासारखी बोलत होती आणि आम्ही संध्याकाळपर्यंत थांबलो. नाडीपरीक्षा, तुमचा हा प्रतिसाद धाग्याच्या सुरुवातीला लावता येईल का? निशिगंध, मूळ धागा संपादित करून वर घेतलात तर बरं होईल.

निशिगंध

लगेच घेते.